रूथबाईंची साक्ष

आई कपडे धूत होती आणि तिच्या उजव्या पायात मोजा होता. मोज्यावर दुधाची रिकामी पिशवी चढवलेली, आणि पिशवी घोट्यापाशी सुतळीनं बांधलेली.

"हे काय नवीन?"

"काय?"

"मोजा. मार्च संपत आलाय आई."

"सर्दी झालीय."

"पायाला?"

"पायातूनच चढती सर्दी. मोठा आरोग्यमित्र ना तू? एवढं माहीत नाय?"

गुरुवार होता. मी दुपारचा जेवायला घरी आलो होतो. खांद्याला ती निळी पिशवी, तिच्यात साखर तपासायचं मीटर, बीपीचं यंत्र, कापूस आणि टॅब. आरोग्यमित्र म्हणजे मीच. आमच्या मिशन कंपाऊंडमध्ये असे चौघं होतो.

पुण्याच्या एका कॉलेजातल्या डॉक्टर मृण्मयी मॅडमनी दोन वर्षांपासून आमच्याकडे अभ्यास लावला होता. साखर आणि बीपी काय, तालुक्यात सगळ्यांनाच आहे. पण आमच्या ख्रिस्ती वस्तीतली माणसं दवाखान्यात उशिरा पोचतात, आणि पाय, डोळे, किडनी असं काहीतरी घालवून बसतात. असं का होतं आणि ते कमी कसं करायचं, हा अभ्यास. मॅडम म्हणायच्या, "बाहेरच्यानं येऊन भाषण दिलं की लोक माना डोलावतात आणि घरी जाऊन जिलबी खातात. तुमच्यातल्याच माणसानं सांगितलं तर फरक पडतो का, तेच मला बघायचंय."

तुमच्यातला माणूस म्हणून मला घेतलं, कारण चर्चमध्ये कीबोर्ड मी वाजवायचो. सगळी घरं मला ओळखायची. कीबोर्ड मोबाइलवर बघून शिकलो होतो, कम्प्युटरही तसाच. शिक्षण बारावी, तेही दोन झटक्यांत.

"काढ मोजा," मी म्हणालो.

"भांडी राहिलीत अजून."

"आई, काढ."

"जेव आधी."

मी खाली बसून सुतळी सोडली. तेव्हा वास आला. कपाटामागं उंदीर मरून पडला की येतो तसा, वर जरा गोडसर. मोजा चिकटला होता. पाणी ओतून ओतून काढला. करंगळीच्या खाली, तळव्याला, एक काळं भोक होतं. त्याच्याभोवती पांढरं, आणि तिथून लाली वर पावलापर्यंत आलेली. करंगळी तर वांग्यासारखी दिसत होती.

"दुखत नाय का?"

"दुखलं असतं तर कळलं नसतं का मला?" आई हसली. "चपलेत खडा होता बारका. दिवसभर हॉस्टेलात पोरांना वाढत फिरले, दिवसभर सोबत होता, पण मला एका शब्दानं बोलला नाय. रात्री चपलेत रक्त दिसलं तेव्हा कळलं."

"कधीची गोष्ट?"

"झाले असतील पंधरा दिवस."

मी मीटर काढलं, तिच्या बोटाला सुई टोचली. साखर मीटरच्या पलीकडं गेली की आकडा येत नाही, नुसतं 'हाय' लिहून येतं. तेच आलं.

"गोळ्या घेतेस ना?"

ती पिळलेल्या कपड्यांकडं बघत राहिली.

"आई, गोळ्या?"

"साक्ष दिल्यावर कशा घेऊ?"

आता हे जरा सांगितलं पाहिजे. आमच्याकडे रविवारच्या भक्तीत साक्षीची वेळ असते. ज्याचं काही भलं झालं तो उभा राहतो, "प्रभूच्या नावात सर्वांना सलाम" म्हणतो आणि सांगतो. पोरगी पास झाली. ताप उतरला. दारू सुटली. साक्ष द्यायची ती झालेल्या गोष्टीची, पुरत्या झालेल्या. दारू सुटत आलीय, अशी साक्ष कुणी देत नाही. आणि दिलेली साक्ष कुणी परत घेत नाही. घेतलेली मी तरी कधी बघितली नव्हती.

मॅडमना ही पद्धत फार आवडली. आमच्या आईची साखर तेव्हा तीनशेवरून एकशे वीसवर आली होती. गोळ्या वेळेवर, सकाळी कंपाऊंडला फेऱ्या, चहा बिनसाखरेचा. मॅडम म्हणाल्या, रूथबाईंनी सांगितलं तर बाकीच्या बायका ऐकतील. चर्चचे पाळकसाहेबही हो म्हणाले. नाताळाच्या आधीच्या रविवारी आई उभी राहिली आणि म्हणाली, प्रभूनं माझी साखर काढून घेतली. आता अर्धी काढून घेतली असं तरी कसं सांगणार? सगळं चर्च "आमेन" म्हणालं. मॅडमना ती आमची बोलायची तऱ्हा वाटली. मी कीबोर्डमागं बसलो होतो, मला तर भरून आलं होतं.

त्यानंतर नव्या बावीस बायका नाव घालायला आल्या. मॅडमनी आईचा हसरा फोटो मोठा करून कंपाऊंडच्या दवाखान्यात लावला.

"सगळ्यांपुढं सांगितलं, प्रभूनं साखर नेली," आई म्हणाली. "आणि घरी येऊन गोळी गिळू? मग खोटं कोण, तो का मी?"

तीन महिने तिनं गोळी घेतली नव्हती. आणि तीन महिने मी तिची साखर बघितली नव्हती. मीटरच्या पट्ट्या मोजक्या मिळायच्या. ती म्हणायची, मी बरी आहे, माझ्यावर वाया घालवू नको. मीही म्हणायचो, घरचीच आहे, करू केव्हाही.

"चल, दवाखान्यात चल."

"कुठल्या? माझा फोटो लावलाय त्या? त्याच्याखाली बसू का असला पाय घेऊन?"

"मग नगरला."

"विनू, रविवारी पाहुणे यायचेत."

अभ्यासाला पैसे देणारी माणसं येणार होती. भक्तीला बसणार, रूथबाईंची साक्ष ऐकणार, आणि मग पुढच्या तीन वर्षांचं ठरणार. चौघांतला एकच पुढं घ्यायचा होता, पगार दुप्पट, आणि ते नाव माझं आहे हे वस्तीत चिमण्यांनाही माहीत होतं.

"रविवार पार पडू दे," आई म्हणाली. "पाहुणे गेले की सोमवारी सकाळच्या गाडीनं आपण दोघं जाऊ. कुणाला कळायचं नाय. तीन दिवसांत पाय काय पळून जातोय?"

मी पाय धुतला. औषध लावलं, पट्टी बांधली. आणि हो म्हणालो.

*

शुक्रवारी मी मॅडमकडं गेलो. दवाखान्यातल्या पुढच्या खोलीत त्या लॅपटॉप घेऊन बसल्या होत्या. त्यांच्या डोक्यावर भिंतीवर आई हसत होती.

"या विनीत, या. बरं झालं आलात. रविवारी पाहुण्यांना कुठं बसवायचं? सगळे खाली चटईवर बसतात ना? ती बाई परदेशी आहे, तिचे गुडघे गेलेत."

"खुर्च्या लावू दोन."

"आणि चपला बाहेर काढायच्या हे मी त्यांना आधीच सांगून ठेवते."

"मॅडम, एक विचारू? रविवारी आईऐवजी दुसऱ्या कुणाची साक्ष घेतली तर?"

त्यांनी लॅपटॉप खाली केला. "का? नाही म्हणाल्या का त्या?"

"नाय नाय. तसं नाय. जरा सर्दी आहे तिला."

"अहो मग वाफ द्या. अजून दोन दिवस आहेत." त्या हसल्या. "विनीत, या अभ्यासाचे आकडे सगळे माझ्याकडे आहेत. पण आकड्यांना तोंड नसतं. तुमच्या आई बोलतात ना, तेव्हा ते आकडे बोलतात. त्यांच्याऐवजी मी कुणाला उभं करू?"

"बरोबर आहे."

"तुम्हाला टेन्शन आलंय. येणारच. तुमचं नाव मी पुढं पाठवलंय, माहितीय ना?"

"हो मॅडम. थँक्यू."

मी उठलो. दारापर्यंत गेलो. परत वळलो.

"मॅडम, पाय..."

"काय?"

त्यांनी चष्मा वर केला आणि माझ्याकडं बघितलं. चांगलं माणूस होतं ते. ओरडल्या नसत्या. गाडी काढून तिथल्या तिथं आईला घेऊन गेल्या असत्या, हे मला तेव्हाही माहीत होतं.

"पायऱ्या," मी म्हणालो. "चर्चच्या पायऱ्या. धुवून घेऊ ना शनिवारी?"

"घ्या की. छान दिसेल."

*

शनिवारी संध्याकाळी एलियामामा आला. आईचा मावसभाऊ. टेम्पो चालवतो, दोन्ही वेळच्या गोळ्या खिशात घेऊन फिरतो आणि चर्चमध्ये दाराजवळ बसतो. आत बसलं की झोप लागते म्हणतो.

"काय ताई, उद्या पुन्हा साक्ष म्हणे? पाहुण्यांसाठी पेशल?"

"तू पण दे एकदा," आई म्हणाली. ती खाटेवर पाय पोटाशी घेऊन, चादर गुंडाळून बसली होती.

"मी? माझी साखर माझ्याजवळच आहे बाई. साक्ष दिली की लोक घरात डोकावून बघतात, हा चहात काय घालतो. आपलं बरंय, गोळी खायची आणि गप पडायचं." मग तो थांबला. "चादर का घेतली गं? मरणाचं उकडतंय."

"जरा कसकस आहे."

त्यानं तिच्या कपाळाला हात लावला. "कसकस? भाकरी भाजंल हिच्या कपाळावर."

"उन्हाचा ताप आहे. गोळी दिलीय विनूनं."

मामानं नाक वर केलं. एकदा, दोनदा. जाताना मला खुणेनं बाहेर बोलावलं आणि टेम्पोला टेकून उभा राहिला.

"काय लपवताय रे तुम्ही दोघं?"

"काय नाय मामा."

"वास कसला येतोय घरात?"

"उंदीर मेलाय कुठंतरी. शोधतोय."

"शोध," तो म्हणाला. "लवकर शोध."

*

रविवारी आईनं दोन्ही पायांत मोजे घातले, पांढरे, हॉस्टेलातल्या पोरींचे असतात तसले. एकाच पायात दिसला तर लोक विचारतील. ताप उतरला नव्हता. चर्चपर्यंत माझ्या दंडाला धरून चालली आणि दाराशी आल्यावर दंड सोडला.

आत सगळे अनवाणी. पाहुण्यांचीही दोन जोडी बुटं बाहेर, आमच्या चपलांत. एक दिल्लीचे साहेब आणि ती गुडघ्यांची बाई, पुढं खुर्च्यांवर. त्यांच्या शेजारी खाली मॅडम, कानात सांगायला. पाळकसाहेबांनी नवा झगा घातला होता. मी कीबोर्ड चालू केला. दोन गीतं झाली, शास्त्रपाठ झाला, आणि साक्षीची वेळ आली.

पाळकसाहेब आईचं नाव घेणार तेवढ्यात बायकांच्या बाजूनं सुवार्ताकाकू उठली. आमच्या शेजारची. जन्मात कधी चार माणसांत बोलली नाही अशी बाई. पदर दोन्ही हातांनी धरलेला.

"प्रभूच्या नावात सर्वांना सलाम. मी काय बोलणार नव्हते. पण आज धैर्य आलं. नाताळात मी रूथबाईंची साक्ष ऐकली. मनात म्हणलं, ज्यानं तिची साखर नेली तो माझी नेणार नाय का? तर महिना झाला, मी गोळ्या बंद केल्या आणि पोटात घ्यायची सुई पण बंद केली. विश्वासानं. प्रभूची स्तुती असो."

"आमेन," सगळं चर्च म्हणालं.

मॅडम पाहुण्यांच्या कानात सांगत होत्या, त्या मधेच थांबल्या.

आणि आई उठली. तिला कुणी बोलावलं नव्हतं. भिंतीला हात लावून उठली, बायकांच्या मधून वाट काढत पुढं आली आणि पाळकसाहेबांच्या शेजारी उभी राहिली.

"प्रभूच्या नावात सर्वांना सलाम. सुवार्ता, आधी घरी जाऊन सुई घे."

मागं कुणीतरी हसलं. आईची थट्टा करायची सवय सगळ्यांना माहीत होती.

"हसू नका. माझी साखर गेलेली नाय. कमी झाली होती, ती पण गोळीनं आणि चालून. मी म्हणाले गेली. साक्षीत काय कमी झाली म्हणून सांगायचं, म्हणून म्हणाले गेली."

"रूथबाई," पाळकसाहेब हळूच म्हणाले, "तुम्हाला बरं नाही. बसा. आपण प्रार्थना करू तुमच्यासाठी." आणि त्यांनी हात मागं घेऊन बोटांनी मला खूण केली. गीत घे.

ही खूण मी शेकडो वेळा बघितली होती. कुणी साक्षीत घसरलं, भाऊबंदकीचं काढायला लागलं, सासूचं काढायला लागलं, की पाळकसाहेब अशी बोटं हलवायचे आणि मी हळू सुरू करून आवाज वाढवत न्यायचो. माणूस आपोआप बसायचं. माझे हात गेलेच पट्ट्यांवर. पहिला सूर वाजलासुद्धा.

आईनं वळूनही बघितलं नाही.

"विनू, हात काढ."

मी हात काढला.

"साक्ष दिली म्हणून मी गोळी सोडली," ती म्हणाली. "प्रभू काय म्हणाला नव्हता सोड म्हणून. मला तुमची लाज वाटली. तुमच्या लाजेला मी त्याचं नाव दिलं."

मग ती व्यासपीठाच्या पायरीवर बसली, शनिवारी बाहेरच्या पायऱ्यांसोबत धुतलेल्या पायरीवर, आणि मोजा काढायला लागली. चिकटलेला मोजा निघायला वेळ लागतो. सगळे बघत होते. पट्टी मोज्यासोबतच आली. तीन दिवसांत लाली घोट्याच्या वर गेली होती आणि बाजूचं बोटही काळं पडलं होतं. वास पसरला. पुढच्या पोरांना त्यांच्या आयांनी मागं ओढलं. दिल्लीच्या साहेबांनी रुमाल काढला, मग काढलेला बरा दिसणार नाही म्हणून खिशात ठेवला.

मला काय वाटत होतं? मला तिची लाज वाटत होती. पायाची नाही, वासाची नाही. ही बाई सगळ्यांपुढं पाय उघडा टाकून बसलीय आणि ही माझी आई आहे, याची. मी कीबोर्डच्या बारक्या लाल दिव्याकडं बघत बसलो.

"आता मला दवाखान्यात कोण नेतंय?" आईनं विचारलं.

सगळ्यांत आधी मॅडम उठल्या. ओढणी सावरत आईपुढं गुडघ्यांवर बसल्या, पाय हातात घेतला, पायाची नाडी शोधली. "मी दोन वर्षं तुमची बोटं टोचतेय," त्या म्हणाल्या, आईला का स्वतःला कळलं नाही. "एकदाही पाय बघितले नाहीत मी."

"चपला बाहेर काढून यायचो की आम्ही. दिसत होते," आई म्हणाली. चेष्टेतच म्हणाली, पण मॅडमनी मान खाली घातली.

दाराशी एलियामामा उभा होता. "टेम्पो लावलाय. चला."

मी स्टुलावरून उठलो. आईनं तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं.

"तू बस," ती म्हणाली. "पाहुणे आहेत. भक्ती अर्धी सोडू नये."

मामानं तिला उचललं. मॅडम सोबत गेल्या. सुवार्ताकाकू रडत त्यांच्यामागं अनवाणीच धावली. टेम्पो सुरू झाल्याचा आवाज आला, मग गेल्याचा.

आणि मी बसलो.

तिनं सांगितलं म्हणून बसलो असं मी नंतर खूप जणांना सांगितलं. पाळकसाहेबांनी घाम पुसला, बोटं हलवली. मी तीन गीतं वाजवली. दानाची थैली फिरली तेव्हाही वाजवत होतो. त्या दिवशी माझा एकही सूर चुकला नाही.

*

नगरच्या मोठ्या दवाखान्यात पोचलो तेव्हा तीन वाजले होते. आई आत कॉटवर, हाताला सलाईन. मामा बाहेर बाकावर डबा उघडून बसला होता, खात नव्हता. माझ्याकडं बघून नुसतं म्हणाला, "सापडला का उंदीर?"

मी आत गेलो.

"कोणतं गीत घेतलं शेवटी?" आईनं विचारलं.

मी सांगितलं.

"लोक गायले का?"

"गायले."

"बरं झालं."

तेवढ्यात सर्जन आले, तरुणच होते, मागं मॅडम. सर्जननी आणखी एकदा पाय बघितला आणि माझ्याकडं वळले. "मुलगा का? हे बघा, उद्या सकाळी घेऊ. अर्धं पाऊल जाईल. जास्त वर गेलं नाही म्हणजे मिळवली. एवढा वास येत होता, कुणाच्याच लक्षात आलं नाही? दोन-तीन दिवस आधी आणलं असतं ना, तर एका बोटावर भागलं असतं."

ते निघून गेले. मॅडम तिथंच थांबल्या. त्यांच्या हातात कागद होता, पेन होतं, पण त्या लिहीत नव्हत्या. सकाळपासून रडल्यासारखे डोळे झाले होते.

"विनीत," त्या म्हणाल्या, "मला एकच कळायला हवं. तुम्ही त्यांच्या घरात राहता. तुम्ही आमचे आरोग्यमित्र. रोज तीस घरं फिरता. घरी हे कधी कळलं?"

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. गुरुवार, एवढंच म्हणायचं होतं. एक शब्द.

"आज," आई म्हणाली.

मॅडम तिच्याकडं वळल्या.

"आजच कळलं पोराला," आई म्हणाली. सलाईनचा हात तसाच, दुसरा हात तिनं छातीवर ठेवला होता, साक्ष देताना ठेवते तसा. "मी मोजा घालून फिरत होते. त्याला म्हणायचे सर्दी झालीय. भोळा आहे, खरं वाटलं त्याला. चर्चमध्ये सगळ्यांनी बघितलं तेव्हाच त्यानं बघितलं."

"मला पण विनीत म्हणाले होते सर्दी म्हणून," मॅडम म्हणाल्या. त्यांचा चेहरा जरा सैल झाला. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "सॉरी विनीत. मी उगाच... तुमची काय चूक यात."

त्यांनी कागदावर लिहिलं. मग डोळे पुसत बाहेर गेल्या.

मी कॉटच्या पायथ्याशी उभा होतो. चादरीखाली आईचा पाय होता, पुरता, त्या दिवसापुरता. मला वाटलं आता बोलावं. मॅडम अजून व्हरांड्यातच होत्या, चपलांचा आवाज ऐकू येत होता.

"आई, मी सांगतो त्यांना."

"एक साक्ष मोडली आज," ती डोळे मिटून म्हणाली. "एका दिवसात दोन नको मोडायला. तुला काम लागतंय."

चपलांचा आवाज लांब गेला. जिन्यावर गेला. मग ऐकू येईना.